सगळे ट्रक एकाच खाणीवर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ई-पुस्तकांवर एक लेख होता. लेखकाने त्यात म्हटले आहे की, स्वतःचे पुस्तक स्वतः काढायचे तर ते किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, टाकावे आणि मोकळे व्हावे, जगभरचा वाचक शेवटी तिथेच येतो. लेख मनापासून लिहिलेला होता आणि त्यातले बरेचसे पटलेही. या एका वाक्याला मात्र माझी हरकत आहे. ती साहित्यिकाची नव्हे, ट्रकवाल्याची आहे.

डिचोली तालुक्यात माझे तीन टिपर होते. लोहखनिजाच्या खाणीवर माल भरायचा आणि आमोण्याच्या जेटीवर ओतायचा. पुढे तो बार्जमधून मांडवीने मुरगावला जायचा. तिन्ही गाड्या खाणीवरच लावल्या होत्या, कारण सोय होती. ट्रिपा मोजणारा एक, डिझेलचा हिशेब एकाकडे, महिन्याचा चेक एका खिडकीवर. आमच्या वाड्यावरच्या एका गृहस्थाचीही तीनच वाहने होती. त्याने एक खाणीवर लावले, दुसरे चिऱ्यांना आणि तिसरे बेळगावच्या भाजीला. आम्ही त्याला हसायचो. म्हणायचो, घाटातली रात्र, पोलीस, टायर, हे सगळे कोणी सांगितलेय? सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. माझ्या तिन्ही गाड्या अंगणात उभ्या राहिल्या. त्याच्या दोन चालू होत्या. मध्ये काही काळ काम सुरू झाले, पण मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. तेव्हा शेवटचा टिपर विकला. घेणारा परराज्यातला होता आणि त्याने भाव लोखंडाचा दिला.

त्या रिकाम्या वर्षांत मी लिहू लागलो. शाळेच्या वह्यांत लिहायचो. खाणपट्ट्यातली माणसे, लाल धूळ, पावसात शेतात उतरणारा गाळ, ड्रायव्हरांच्या रात्री, एवढाच विषय. २०१९ मध्ये पदरचे पैसे घालून तीनशे प्रती छापल्या. नव्या सोमवारच्या उत्सवातल्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, एका मित्राच्या खेळण्यांच्या दुकानाचा कोपरा मागून घेतला आणि तिथे चाळीसेक गेल्या. वाजंत्री आणि खाज्याच्या ढिगांमध्ये माझ्या पुस्तकाकडे बघायला माणसे थांबली, हेच मला नवल वाटले. काही नातलगांनी घेतल्या (त्यांतल्या निम्म्यांनी वाचल्या असतील), काही मी वाटल्या. बाकीच्या खाटेखाली गेल्या.

परदेशाचा विषय माझ्या डोक्यात नव्हताच. तो माझ्या एका जुन्या ड्रायव्हरने काढला. खाण बंद झाल्यावर तो पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद करून इंग्लंडला गेला. आता स्विंडनला एका गोदामात रात्रपाळी करतो. एके दिवशी त्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "पात्रांव, तुमचें पुस्तक मोबायलार मेळटलें?" (मालक, तुमचे पुस्तक मोबाइलवर मिळेल का?) पुस्तकात तो आहे, दुसऱ्या नावाने. मी म्हटले, छापील पाठवतो. पोस्टात गेलो तर पुस्तकापेक्षा टपाल महाग. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांवरची जकातसवलत काढली आणि आपल्या टपालखात्याला तिकडची पार्सले दीड-दोन महिने थांबवावी लागली. न्यू जर्सीच्या मंडळींसाठी बांधून ठेवलेल्या माझ्या सहा प्रती तेवढा काळ कपाटावर होत्या. तोवर ई-पुस्तक निघाले होते म्हणून बरे.

ते निघाले कसे, हे थोडे सविस्तर सांगतो. आपले बहुतेक गोमंतकीय लेखक इथेच अडकतात आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही.

छापील पुस्तकाचे डीटीपी जुन्या फॉन्टमध्ये झाले होते. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे इंग्रजी अक्षरच असते. छापखान्यात ते चालते, कारण शेवटी कागदावर शाई उमटली की काम झाले. ई-पुस्तकाच्या ईपब फाइलीला मात्र युनिकोड लागते, म्हणजे 'क' तिथे खरोखर 'क' म्हणूनच नोंदलेला असावा लागतो. जुनी फाइल तशीच ईपबमध्ये घातली तेव्हा वहीभर उंदीर नाचून गेल्यासारखे दिसले. मग कन्व्हर्टरमधून युनिकोड केले आणि खरे दुखणे तिथून सुरू झाले. माझ्या पुस्तकात पानोपानी 'ढिगाऱ्यावर' हा शब्द आहे. खाणीचे पुस्तक, त्यात मातीचे ढिगारे असणारच. तो सगळीकडे 'ढिगार्यावर' झाला. 'पांढऱ्या'चे 'पांढर्या' झाले. मराठीतला हा आडवा अर्धा र हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळे यंत्रालाही त्याचे सोयरसुतक नाही. तीन आठवडे मी आणि माझी मुलगी तेवढा एक र शोधत होतो.

दुसरी गंमत भाषेच्या खुणेची. ईपबच्या आत पुस्तकाची भाषा लिहावी लागते. फाइल बनवून देणाऱ्या मुलाने देवनागरी बघून तिथे हिंदी टाकली. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि भाषा मराठी लिहिली तरच ते उमटतात. माझ्या पुस्तकातले सगळे ल हिंदी वळणाचे आले. वाचकाला ते सांगता येत नाही, त्याला फक्त वाटते की पुस्तक कुठल्यातरी परक्याने लिहिले आहे. मुक्त परवान्याचे फॉन्ट पुस्तकात बसवायला पैसे पडत नाहीत. मी 'मुक्ता' वापरला. इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सना १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला आपले मराठी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावे लागले, कारण देवनागरी टाइप हाताशी नव्हता. आज टाइप फुकट मिळतो आणि आपण त्याला हिंदीची चिठ्ठी लावून पाठवतो.

आता दुकानांकडे येतो.

मीही आधी किंडलवरच गेलो. तिथे पुस्तक चढवताना एक चौकोन येतो, 'केडीपी सिलेक्ट' नावाचा. सिलेक्ट म्हणजे निवड झाली, मान मिळाला, असे समजून मी टिक केले. मुलगी घरी नव्हती, नाहीतर तिने हात धरला असता. त्या चौकोनाचा अर्थ असा की पुढचे नव्वद दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचे नाही. दुसऱ्या दुकानात नाही, स्वतःच्या पानावर नाही, फुकटसुद्धा नाही. छापील प्रत विकायला हरकत नसते. नव्वद दिवस संपले की आपण टिक काढलेली नसेल तर मुदत आपोआप पुढे सरकते. माझी सरकली. एकूण सहा महिने गेले. अटी तिथे लिहिलेल्या होत्या, मी वाचल्या नाहीत. चूक सगळी माझी. खाणीच्या कंत्राटाचा कागदही मी असाच न वाचता सही केला होता, म्हणजे वयाने माणूस शहाणा होतोच असे नाही.

त्या सहा महिन्यांत स्विंडनवाल्याने दोनदा विचारले. त्याचे त्या दुकानातले खाते म्हापशाच्या पत्त्यावर होते आणि कार्ड इंग्लंडचे. त्यात त्याने पुस्तकाचे नाव इंग्रजी अक्षरांत टाकून शोधले आणि त्याला सापडले नाही. मी फाइल पाठवली असती, पण माझेच हात बांधलेले.

न्याय म्हणून हेही सांगतो की सगळ्यांनीच त्या चौकोनापासून पळावे असे नाही. भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल तर सिलेक्टमध्ये असावेच लागते, नाहीतर पस्तीस. कोणी इंग्रजीत रहस्यकथांची मालिका लिहीत असेल, दर दोन महिन्यांनी एक भाग, तर किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या योजनेत वाचल्या गेलेल्या पानांमागे पैसे मिळतात आणि अशा माणसाला ते परवडतही असेल. माझ्यासारख्या एका पुस्तकाच्या मराठी लेखकाचे तसे नाही. माझा वाचक मोजका आहे आणि तो जगभर विखुरलेला आहे. एक दुबईत, एक टोरांटोत, दोघे लिस्बनला. त्याला माझ्या दुकानात आणण्यापेक्षा तो ज्या दुकानात आधीच जातो तिथे माझे पुस्तक ठेवणे सोपे.

आणि दुकान कायम उघडेच राहील हे कोणी सांगितले? चीनमधले किंडलचे ई-पुस्तकांचे दुकान जून २०२३ अखेर बंद झाले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले पुस्तकांचे दुकान गुंडाळले, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकेही त्यांच्या यंत्रांवरून गेली. पैसे परत दिले, पण पुस्तके गेली. हे वाचले तेव्हा मला अंगणातले तीन टिपर आठवले.

टिक काढल्यावर मराठी पुस्तक गुगल प्ले बुक्सवर टाकले. तिथे सत्तर टक्के मिळतात, कसलीही एकनिष्ठेची अट नाही, देशागणिक वेगळी किंमत ठेवता येते आणि अँड्रॉइड फोन असलेल्या माणसाला पुस्तक फोनवरच वाचता येते. आखातातल्या आपल्या लोकांच्या हातात तोच फोन असतो. पुण्याच्या बुकगंगावरही दिले, कारण परदेशातला मराठी वाचक मराठी पुस्तक शोधायला आधी तिथे डोकावतो. मुलीने वर्षभर बसून इंग्रजी अनुवाद केला. तो ड्राफ्ट-टू-डिजिटलमार्फत पाठवला. हा मधला अडत्या. फाइल एकदा द्यायची, ती तो कोबो, अ‍ॅपल, बार्न्स अँड नोबल अशा ठिकाणी पोहोचवतो आणि विक्री किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास स्वतःकडे ठेवतो. माझ्याकडून आगाऊ काही घेतले नाही. अडत्या म्हटले की आपल्याकडे शिवी वाटते, पण दहा टक्क्यांत माल इतक्या धक्क्यांवर उतरवणारा अडत्या मी आमच्या धंद्यात पाहिला नाही. मराठी पुस्तक अशा वाटेने पाठवणाऱ्याने आधी चौकशी करावी. सगळ्या भाषा सगळी दुकाने घेतातच असे नाही.

याच वाटेने पुस्तक ग्रंथालयांतही जाते, आणि मला सर्वांत आनंद त्याचा झाला. परदेशातली सार्वजनिक ग्रंथालये ओव्हरड्राइव्ह नावाच्या कंपनीकडून ई-पुस्तके घेतात आणि वाचक ती लिबी नावाच्या अ‍ॅपवर घरबसल्या उसनी नेतो. टोरांटोतल्या माझ्या पुतण्याला मी म्हटले, विकत घेऊ नको, तुझ्या ग्रंथालयात मागणी नोंदव. त्याने नोंदवली. तीन महिन्यांनी त्यांनी एक प्रत घेतली. मयेच्या ढिगाऱ्यांवरचे पुस्तक टोरांटोच्या ग्रंथालयात आहे, हे मी आमच्या चहाच्या दुकानात सांगितले तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. फोनवर दाखवावे लागले.

मात्र सर्वांत जास्त प्रती गेल्या त्या थेट. एक साधे विक्रीपान केले. पैसे भरले की ईपब फाइल वाचकाच्या मेलवर जाते. भारतातला वाचक यूपीआयने देतो. परदेशातला पेपॅलने किंवा कार्डाने. पेपॅलची देशांतर्गत सेवा एप्रिल २०२१ पासून बंद आहे, पण परदेशातून येणारे पैसे घेता येतात. पॅन द्यावे लागते आणि पैसे कशाचे आहेत त्याचा कोड निवडावा लागतो. किंडलचे यंत्र असलेल्यालाही ही फाइल चालते. २०२२ पासून 'सेंड टू किंडल'ने ईपब थेट यंत्रावर पाठवता येते. हे बहुतेकांना ठाऊक नाही आणि "माझ्याकडे किंडल आहे, मग तुमच्याकडून कसे घेऊ?" हा प्रश्न मला अजून येतो.

थेट विक्रीत एक खड्डा आहे. युरोपीय संघातल्या वाचकाला ई-पुस्तक विकले तर वाचकाच्या देशाच्या दराने व्हॅट घ्यावा लागतो. विकणारा डिचोलीत बसला आहे म्हणून त्यातून सुटत नाही. म्हणून विक्रीपान असे निवडावे जे हा कर स्वतः कापून स्वतः भरते. ब्रिटनने मे २०२० पासून ई-पुस्तकांवरचा व्हॅट शून्य केला, त्यामुळे स्विंडनवाला सुटला. लिस्बनचे दोघे सुटले नाहीत. आपल्याकडे छापील पुस्तकाला जीएसटी नाही, पण ई-पुस्तकाला आहे. छापील आवृत्ती निघालेली असेल तर पाच टक्के, नसेल तर अठरा. खाटेखालच्या प्रतींचा हा एक उपयोग.

अमेरिकेचा कराचा फॉर्म मात्र कोणी टाळू नये. डब्ल्यू-८ बेन असे त्याचे नाव. तो भरून त्यात भारताशी असलेल्या कराराचा उल्लेख केला तर तिथल्या विक्रीच्या मानधनावर पंधरा टक्के कर कापतात, नाहीतर तीस. ऑनलाइन भरायला वीस मिनिटे पुरतात. पॅन, बँक आणि फॉर्म, तिन्हीकडे नावाचे स्पेलिंग एकच ठेवा. माझ्या आडनावात पासबुकात एक 'ए' जास्त आहे. त्या एका 'ए'ने दोन महिने खाल्ले. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी, मात्र कोणाला पैसे देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय संस्था तो क्रमांक फुकट देते. मला एका 'पॅकेज'वाल्याने त्याचे साडेतीन हजार सांगितले होते.

आकडे सांगितल्याशिवाय ट्रकवाल्याचे बोलणे पुरे होत नाही. चौदा महिन्यांत दोन्ही भाषा मिळून ई-पुस्तकाच्या २९३ प्रती गेल्या. थेट ११८, गुगलवर ७१, किंडलवर ५२ (सिलेक्ट काढल्यावरही तिथे पुस्तक आहेच, मी काही कोणावर बहिष्कार टाकलेला नाही), बुकगंगावर ३५, कोबो आणि बाकीचे मिळून १३, ग्रंथालये ४. पैसा म्हणाल तर एका टिपरचे दोन टायर आले असते, तिसरा नाही. पण छापील तीनशे २०१९ पासून विकतोय आणि अजून संपल्या नाहीत.

आता दोन मागण्या. पहिली गोव्यातल्या मराठी संस्थांकडे. प्रकाशन सोहळे, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण हे सगळे चालू द्या, मलाही शाल आवडते. पण वर्षातला एक रविवार ठेवा. पणजीत, फोंड्यात, डिचोलीत, कुठेही. लेखकाने आपला लॅपटॉप आणि जुन्या फॉन्टची फाइल घेऊन यायचे. जाताना युनिकोड ईपब, भरलेला डब्ल्यू-८ बेन आणि दोन दुकानांत चढलेले पुस्तक घेऊन जायचे. भाषण कोणी करायचे नाही. शिकवायला माणूस मिळाला नाही तर मी येतो, दुपारचे जेवण मिळाले की पुरे. 'ढिगाऱ्या'तला र कुठे हरवतो ते मला आता डोळे मिटून सांगता येते.

दुसरी मागणी आपल्याकडेच. आपल्या 'पुस्तक पोच' सदराखाली दर आठवड्याला छापता की परीक्षणासाठी छापील दोन प्रती पाठवाव्यात, ई-पुस्तकांचा विचार केला जाणार नाही. ज्या पुरवणीत ई-पुस्तके काढा म्हणून लेख येतो, तिच्याच शेवटच्या पानावर ही ओळ असते. माझ्या दोन छापील प्रती या पत्रासोबत पाठवत आहे. मला अडचण नाही, खाटेखाली अजून शंभरावर आहेत. पण माझ्या गल्लीतल्या एका मुलीने पर्ये-केरीकडच्या धालोच्या, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याच्या, गीतांवर निव्वळ ई-पुस्तक काढले आहे. तिच्याकडे पाठवायला कागद नाही. तिने काय करावे ते कृपया कळवा, ती दर रविवारी अंक बघते.

माझे नाव छापू नये ही विनंती. पुस्तकाची जाहिरात करायला पत्र लिहिले, असे आमच्या चहाच्या दुकानात लगेच म्हणतील.

आपला,
एक माजी ट्रकमालक
डिचोली